आधी वायर, मग प्लेटा

कोल्हापूर
रविवार

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल खंबाटकी घाटातून बुलेट थांबवून तू फोन केलास, "पप्पा, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी पुढं सरकत नाही," तेव्हा तुझ्या मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. मी काय सांगितलं ते तुला ऐकू गेलं नसणार. रात्री परत लावला तर तू जेवायला बसली होतीस. म्हणून हे लिहितोय. कागद टाकीवर पसरून एकेक ओळ वाचत काम करता येतं. फोन एका हातात धरून चेकनट, म्हणजे स्क्रू जागेवर पक्का धरणारा नट, सुटत नाही.

तुमच्या गल्लीतला गॅरेजवाला "क्लचच्या प्लेटा गेल्या, नवीन सेट टाकू" म्हणाला म्हणे. गेल्या असतीलही. पण गाडीला हात न लावता त्यानं ते सांगितलं, ते मला पटलं नाही. डॉक्टरनं नाडी न बघता ऑपरेशन सांगावं, तशातली गत.

पहिल्यांदा क्लचच सरकतोय ना, म्हणजे त्याच्या प्लेटा एकमेकींवर घसरतायत ना, याची खात्री कर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर टॉपला पन्नासच्या आसपास चालव आणि एकदम पीळ दे. आवाज चढला आणि वेगाचा काटा आहे तिथंच राहिला, तर क्लच. आवाजही चढला नाही आणि गाडी नुसती गुदमरली, तर गोष्ट कार्बोरेटरची किंवा ठिणगीच्या पॉइंटची, मग हे पत्र बाजूला ठेव. दुसरी परीक्षा बुलेटवाल्यांची, तिला रस्ता पण लागत नाही. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला पोचतो. न्यूट्रलला ठेवून, अ‍ॅमीटरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन कॉम्प्रेशनवर, म्हणजे किक कडक लागते तिथं, आण, आणि डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडायचा लिव्हर) न दाबता किकवर हळू वजन टाक. क्लच धडधाकट असेल तर किक तुला वर उचलून धरते, आबा म्हणायचे तसं, "बैल उभा राह्यल्यागत." सरकत असेल तर लोण्यात पाय घातल्यासारखी खाली जाते. फक्त खटखट आवाज येत असेल तर किकचे दाते बघायचे, ते वेगळं दुखणं.

तू म्हणालीस, निघताना ठीक होती, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर सुरू झालं. ते ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही, कारण तिथं मला माझाच हात दिसला.

तुला गाडी द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी क्लचची वायर ओढून घेतली होती. तुझा पंजा लहान, लिव्हर लांबून धरावा लागतोय असं वाटलं. वर अ‍ॅडजस्टर फिरवला, खाली पण फिरवला. लिव्हर हाताला लगेच लागायला लागला, मला बरं वाटलं. पण बाळ, बुलेटची वायर उजवीकडं गिअरबॉक्सला येते आणि तिथून एक सळई मेन शाफ्टच्या पोटातून आरपार डावीकडं जाऊन प्लेटांना ढकलते. वायरीत ढील ठेवली नाही तर ती सळई कायम थोडी ढकलतच राहते. म्हणजे तू दिवसभर चिमूटभर क्लच दाबूनच गाडी चालवलीस. थंड असताना ते कळत नाही. गरम झालं, सगळं थोडं फुगलं, की उरलासुरला प्ले संपतो, आणि चढावर प्लेटा घसरतात. घसरल्या की आणखी गरम होतात. तीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवला, दहा मायक्रॉनवर भांडलो, आणि घरच्या गाडीला दोन मिलिमीटर ढील ठेवायला विसरलो.

तर आधी हे कर, गाडी पूर्ण थंड असताना. दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर आत घालून वायर पार ढिली सोड, लोंबली पाहिजे. मग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या झाकणावर दोन स्क्रूंची छोटी टोपी आहे, ती काढ. आत चेकनट आणि मध्ये स्क्रू. चेकनट सैल करून स्क्रू हलक्या हातानं आत घे. कुठंतरी टेकल्याचं बोटाला कळेल. जोर लावायचा नाही, टेकला की थांबायचं. तिथून अर्धा आटा मागं. स्क्रू पेचकसनं तसाच धरून चेकनट आवळ, नाहीतर नटासोबत तोही फिरतो आणि सगळं मुसळ केरात. मग वायर परत अशी घे की लिव्हर पहिले दोन-तीन मिलिमीटर काहीच न करता हलला पाहिजे, दहा रुपयांच्या नाण्याच्या जाडीहून जरा जास्त समज. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघ, तेव्हाही ती ढील राहिली पाहिजे. आणि लिव्हर लांब वाटला तर लांब वाटू दे. तुझा पंजा लहान असला तरी पकड आबांची आहे.

एवढ्यानं सुटलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही सुटलं तर मला एक सांग, मागच्या आठवड्यात तू "ऑइल बदलून घेतलं" म्हणालीस, ते कुठलं आणि कुठं घातलं? या गाडीत इंजिनाचं तेल वेगळं, डावीकडच्या प्रायमरीचं (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या साखळीच्या पेटीचं) वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. क्लच प्रायमरीत तेलात भिजत बसलेला असतो. हल्लीच्या बऱ्याच मोटारींच्या तेलात घर्षण कमी करायची औषधं असतात. मोटारीला ती चांगली, पण आपल्या प्लेटांचं अन्नच घर्षण. डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं पाहिजे, ती तेलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण. नसेल तर काढून टाक आणि बाइकचं वीस-चाळीस (20W-40) घाल, अर्ध्या लिटरपेक्षा कमीच लागतं. लेव्हलचा स्क्रू काढून ठेव, तिथून थेंब गळायला लागला की बास. जास्त तेल म्हणजे जास्त माया असं काही नसतं. आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर लगेच कळव, मग इंजिनातलं तेल सीलमधून तिकडं येतंय आणि ते माझ्या बांधणीचं पाप.

हेही करून सरकलाच तर झाकण उघडायचं. पण ते तू एकटीनं करू नको, मी शनिवारच्या एसटीनं येतो. खरं सांगायचं तर नवा बोअर, नवा पिस्टन घातला, पण क्लच प्लेटा मी जुन्याच धुऊन बसवल्या. दिसायला बऱ्या होत्या. अकरा वर्षं शेडमध्ये पडलेलं इंजिन आता तरुण झालंय, त्याचा ओढा त्या प्लेटांना झेपत नसेल. आल्यावर स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघू, वाकड्या असतील तर खालून उजेड दिसतो. निळे डाग दिसले तर त्या भाजल्यात. स्प्रिंगा एका रांगेत उभ्या करायच्या, एखादी बुटकी निघाली तर सगळ्याच बदलायच्या. नुसती चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरवर घासून, पेट्रोलनं धुऊन चालतात कधी कधी. तेवढ्यासाठी एक काचेचा तुकडा, परात आणि जुने पेपर जमवून ठेव. झाकण काढताना तेल सगळं खाली येतं, घरमालकाच्या फरशीवर नको. पॅकिंग मी इथूनच कापून आणतो.

तोवर तिला घाटात नेऊ नको. ऑफिसला सपाटीवरून, हळू पीळ देत गेलीस तर चालेल. सकाळी पहिल्या किकच्या आधी क्लच दाबून एक मोकळी किक मारतेस ना? चिकटलेल्या प्लेटा सुटतात. आबा रोज मारायचे, आम्ही त्या आवाजावर उठायचो.

मम्मीला खंबाटकीचं काही बोललेलो नाही. तू पण "पेट्रोल संपलं होतं" एवढंच सांग.

वायर ढिली सोडताना दोन्ही अ‍ॅडजस्टर किती आटे आत गेले ते मोजून एका चिठ्ठीवर लिहून ठेव. मला माझी चूक नेमकी किती होती ते बघायचंय.

तुझा,
पप्पा