वही मिटून ठेवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

चतुर्थीच्या सुट्टीत आमच्या गोव्यातल्या वेलिंगच्या घरी मुलांनी प्रल्हादाचे नाटक बसवले आणि जत्रांतल्या उत्सवी नाटकांना उभा जन्म प्रॉम्प्टिंग केलेले आपण त्या पोरांच्या खेळालाही तितक्याच निष्ठेने वही घेऊन बसलात. आभार तोंडी मानायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांसमोर ठेवते, कारण मुलांना काहीही शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला वाटते.

माझा मुलगा अडखळत बोलतो. पूर्वी एका नाट्यशिबिरात त्याला झाडाचे काम दिले होते, आणि झाडाला संवाद नव्हता. ‘त्याला वेळ लागतो, बाकीची मुले खोळंबतात,’ असे तिथल्या मार्गदर्शकांनी मला त्याच्या देखत सांगितले. नाटक शिकवणाऱ्या माणसाला एका मुलाच्या वाक्यासाठी थांबता येऊ नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सांकवाळीहून १५६७ साली इकडे आणलेला लक्ष्मीनृसिंह आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला, त्यामुळे कथा त्यांनीच निवडली होती. राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाच्या, दोन खांबांना चादर बांधून पडदा झाला आणि तिसऱ्या खांबाआडून नृसिंह प्रकटणार असे ठरले. प्रल्हाद कोण होणार, असे आपण विचारलेत तेव्हा माझ्या मुलाने हात वर केला. आपण कुणाच्याही तोंडाकडे न बघता त्याचे नाव वहीत लिहून टाकलेत. अडखळणाऱ्याची जीभ गाताना किंवा चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना सहसा अडत नाही, हे आपण जाणून होता. म्हणूनच नांदी सर्वांकडून गाऊन घेतलीत, आणि त्याचे अवघड संवाद तालमीत आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचे, मग एकेकाने गप्प व्हायचे, अशी रीत घातलीत.

पण मला जन्मभर आठवेल ते प्रयोगातले. ‘कुठे आहे तुझा देव?’ असे हिरण्यकश्यपूने गरजून विचारले आणि ‘तो याही...’ म्हणून माझा मुलगा ‘खांबात’ या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर अडला. त्याचे ओठ थरथरत होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी शब्द पुरवायला तोंड उघडले, तेव्हा आपण हाताने त्यांना थांबवलेत आणि त्याला स्पष्ट दिसेल अशी वही मिटून मांडीवर ठेवलीत. विसरलेल्या नटाला शब्द द्यायचा आणि थांबलेल्या नटाला वेळ द्यायचा, हा आपल्या कामातला भेद त्या लहान जिवाला तत्क्षणी कळला. त्याने मिटलेल्या वहीकडे पाहिले, श्वास घेतला, खांबावर तळहात आपटला आणि वाक्य पहिल्यापासून पुरे केले.

शब्द पुरवणारी माणसे वाईट नसतात, पण अडखळणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने संपवले की ते त्याचे राहत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे ही किती साधी माणुसकी आहे, आणि वर्गात, दुकानात, घरच्या पंगतीतही ती किती क्वचित भेटते! आपल्यापाशी ती मुरलेली आहे, आणि ती दाखवताना आपण काही मोठे करत आहोत असा भाव आपल्या चेहऱ्यावर जराही नव्हता.

त्यानंतर घरात फोन वाजला की तो स्वतः उचलतो. पूर्वी तो फोनपासून लांब पळत असे.

दिवाळीच्या सुट्टीत मुले पुन्हा जमणार आहेत. नाटक कोणते यावर त्यांची भांडणे चालू आहेत, परंतु वही आपल्याखेरीज कुणाच्याही हाती द्यायची नाही यावर एकमत आहे. आपण यावे, ही सर्वांच्या वतीने आग्रहाची विनंती.

आपली कृतज्ञ,
प्रल्हादाची आई