फुलदाणीच्या गळ्यावरचं बक्षीसपत्र

प्रिय बापू,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत. सबब एकही धड नाही, म्हणून देत नाही. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच.

लिहायला बसलो ते डेव्हिड जोडीमुळे, चौदाव्या शतकातल्या त्या दोन निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाण्यांमुळे. दुसऱ्या कुणाकडे विषय काढला तर "फुलदाणीच ना?" म्हणून मोकळा होईल. २०२४च्या नोव्हेंबरात विश्वस्तांनी संग्राहक पर्सिव्हल डेव्हिडचा सगळा चिनी भांड्यांचा संग्रह, ही जोडी धरून सुमारे १७०० नग, ब्रिटिश म्युझियमला कायमचा देत असल्याचं जाहीर केलं. किंमत सांगितली सुमारे १ अब्ज पौंड. २००९पासून तो तिथल्याच ९५ क्रमांकाच्या दालनात होता, पण उसना. आता माझ्या टिपणातल्या 'मालकी' या रकान्याची शेवटची ओळ एकदाची पक्की झाली, आणि पहिली ओळ अडून बसली. पहिला मालक म्हणून नाव कुणाचं घालू?

गळ्यावरचा लेख तुला पाठ आहे, तरी समोर ठेवतो. युशान तालुक्यातल्या जिंगतांग वस्तीचा भक्त चांग वन-जिन धूपपात्र आणि फुलदाण्या असा एक संच आनंदाने अर्पण करतो. घरादाराचं रक्षण व्हावं, मुलंबाळं सुखरूप राहावीत. चीचंग राजवर्ष अकरा, चौथा महिना, शुभ दिवस. शिंग्युआनच्या देवळातल्या हू जिंग-यी सेनापतींना. म्हणजे १३५१. देणारा कोण, राहणार कुठला, दिलं काय, कशासाठी, कुणाला, मिती कोणती. तलाठ्यालाही याहून जास्त लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या तेवढ्या राहिल्या.

आणि हे बक्षीसपत्र झिलईच्या, त्या काचेसारख्या थराच्या, खाली आहे! आपलं ते जुनं भांडण आठवतंय ना? कागद खोटं बोलतो, माती बोलत नाही, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, माती मुळी बोलतच नाही, बोलतो तो तूच. सरांनी दोघांनाही वर्गाबाहेर काढलं होतं. इथे मात्र कागद आणि माती एकाच आचेत भाजलेत. चिनी दगडाची भुकटी आणि केओलिन ही पांढरी माती यांची ती माती वाळवून कोरडी ठणठणीत केल्यावर, न भाजताच, त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने लिहायचं. कच्चं अंग टीपकागदासारखं पाणी ओढतं. कुंचला क्षणभर रेंगाळला की डाग पडतो, आणि पुसायची सोय नाही. वरून पारदर्शक झिलई, मग एकच भाजणी, १२५० ते १३०० अंशांच्या दरम्यान, तीही धुरकट, प्राणवायू तोडलेल्या आचेत. हवा जास्त झाली तर झिलई पिवळट दिसते. ती जाड बसली तर अक्षरं तिच्यात पोहायला लागतात. लेख मागाहून कुणी खरडला असेल ही शंका इथे टिकतच नाही. चांगबुवांनी नवस आधी सांगितला, मग भट्टी पेटली. नग तडकला असता तर सगळी प्रार्थना पहिल्यापासून लिहावी लागली असती. जोडी असल्यामुळे ती दोनदा लिहिली गेलीच आहे.

यावरून, या फुलदाणीची नक्कल करताना तुझ्या फुटलेल्या नगाकडे येतो. तडा खांद्यावर, सांध्यालगत गोल फिरलाय म्हणतोस. मग कारण भट्टीत शोधू नकोस. चिंगदचनच्या, पोर्सेलिनच्या त्या गावच्या, कुंभारांनीही एवढी उंची एका दमात ओढली नाही. बैठक, पोट, गळा वेगवेगळे चाकावर काढून, कातड्याइतके कडक झाल्यावर त्याच मातीच्या पातळ लगद्याने जोडले. मूळ फुलदाणी ६३ सेंटिमीटरच्या वर आहे. पोर्सेलिन ओल्यापासून भाजेपर्यंत साधारण १२ ते १५ टक्के आकसतं, म्हणजे चाकावरची बेरीज ७२ ते ७५च्या घरात हवी. गळा आदल्या दिवशीचा आणि पोट आजचं असेल, तर दोघांचं आकसणं जुळत नाही आणि सांधा सुटतो. तुझंच ज्ञान तुला ऐकवतोय, माहीत आहे. पण तू घाईत गळा पंख्याखाली ठेवला असणार, हेही मला माहीत आहे.

असो. मूळ मुद्दा मालकीचा. चांग वन-जिनला मालक लिहावं, तर त्याने पैसे मोजले आणि वस्तू देऊन टाकली. तो यजमान. देऊळ लिहावं, तर देऊळ सांभाळणारं. लेखाप्रमाणे घेणारा एकच, हू जिंग-यी, आणि ते देव! देवाला वाहिलेली वस्तू विकायची तर सही कुणाची घ्यायची? त्याच १३५१ साली युआन सत्तेविरुद्ध लाल पगडीवाल्यांचं बंड उसळलं. मुलंबाळं सुखरूप राहावीत म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं, हे लेखात कुठून येणार?

त्यानंतर माझ्या रकान्यात पावणेसहाशे वर्षं कोरी आहेत. पुढची नावं थेट विसाव्या शतकातली. एक फुलदाणी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे (हसू नकोस, आपल्या कॉलेजवाला नव्हे, तो १८५९लाच गेला; हा नामसाधर्म्याचा दुसरा), दुसरी चार्ल्स रसेलकडे. १९२९ साली ब्रिटिश म्युझियमच्या हॉब्सनने या जोडीवर लेख लिहिला, पण दखल फार कुणी घेतली नाही. मंगोलांच्या युआन काळात असं निळं-पांढरं काम होत असेल यावर विश्वास कुणाचा? डेव्हिडने एक एल्फिन्स्टनकडून घेतली, दुसरी १९३५ला रसेलच्या संग्रहाच्या लिलावात, आणि ताटातूट संपवली. माणूस मुंबईत जन्मलेला, १८९२चा. बाप बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. जोडीतलं एकच घेऊन स्वस्थ बसणाऱ्यातला तो नव्हता. १९५२ला गॉर्डन स्क्वेअरमध्ये त्याचा संग्रह लोकांसाठी उघडला, २००७अखेर ते दार बंद झालं.

त्याच १९५२च्या सुमारास अमेरिकन अभ्यासक जॉन पोपने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या ताटांशी आणि घड्यांशी या जोडीचं काम ताडून पाहिलं: गळ्यावरची केळीची पानं, ढगांतला ड्रॅगन, खालच्या लाटा, बैठकीजवळच्या पाकळ्या. तिथून चौदाव्या शतकाचा अख्खा गट उभा राहिला. २००५ला लंडनमध्ये एक युआन घडा सुमारे १ कोटी ५७ लाख पौंडांना गेला. त्याच्यावर मितीचं एक अक्षरही नाही. त्याची मिती ठरते ती चांगबुवांच्या बक्षीसपत्रावरूनच.

आता खरी टोचणी सांगतो. बक्षीसपत्रात तीन वस्तू आहेत, आपल्याकडे दोन. धूपपात्राचा पत्ता नाही. फुलदाण्यांच्या हत्तीच्या डोक्यांसारख्या मुठींतल्या कड्या गेल्या, ते समजू शकतो, लोंबतं ते आधी तुटतं. पण धूपपात्र? लेखात त्याचं नाव फुलदाण्यांच्याही आधी आहे, मान त्याचा पहिला. समज, त्याच्यावर लेख नव्हताच. फुलदाण्यांवर लिहिलंय तेवढं पुरे म्हणून सोडला असेल. मग ते एखाद्या कपाटात 'काळ अनिश्चित' अशी चिठ्ठी लावून बसलेलं असलं, तरी कुणाला कळणार? तुला कळेल का? नुसत्या मातीवरून, लोखंड जास्त असलेल्या इराणी कोबाल्टच्या त्या काळपट ठिपक्यांवरून, झिलई नसलेल्या तळाच्या तांबूस करपण्यावरून? कळेल म्हणालास तर ते भांडण मी हरलो, लिहून देतो. आणि नाही म्हणालास तर निदान रकान्यात 'संच अपुरा' एवढं लिहायला मी मोकळा.

वहिनींना नमस्कार. धाकटीचं लग्न ठरलं हे दुसऱ्यांकडून कळलं, त्याबद्दल भांडण भेटीत. नव्या शेडचं छप्पर झालं का?

रकाना अजून कोराच आहे. पेन्सिलीने 'हू जिंग-यी (देव)' असं लिहून दोनदा खोडलंय. तू काय लिहिशील ते कार्डावर कळव, लांब पत्राची अपेक्षा नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. पुढच्या नगाला झिलई आतून आणि बाहेरून एकाच दिवशी लावू नकोस. कच्चं अंग दोन्हीकडून पाणी प्यायलं की मऊ पडून बसतं. आतून लाव, पुरतं वाळू दे, मग बाहेरून.