हात कुठे धरायचा, कुठे सोडायचा

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू भराभर सांगत होतीस, दोन्ही पोरांना घेऊन आठवडाभर मोठ्या शहरात जाणार, बागा बघणार, मेट्रोने आणि बसने फिरणार. मागून थोरला "मेट्रो, मेट्रो" म्हणून ओरडत होता. मी "छान, जपून जा" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ डोळा लागला नाही. "जपून जा" हे काय सांगणं झालं? कुठे जपायचं, कशाला जपायचं, हे सांगायला हवं होतं. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट सांगते. ती मी तुला आजवर सांगितलेली नाही. तू तेव्हा सव्वाचार वर्षांची होतीस आणि तुझा भाऊ माझ्या कडेवर होता. आपण तिघंच परक्या शहरात, आपोआप लागणाऱ्या दारांच्या गाडीत चढत होतो. माझ्या हातातून तिकीट निसटून फलाटावर पडलं. ते उचलायला मी तुझा हात सोडला. वाकले, उठले, तोवर तू डब्यात आणि दार लागलेलं. काचेवर तुझे दोन्ही तळवे चिकटले होते, नाक चपटं झालं होतं. तू अजून रडतही नव्हतीस, नुसती माझ्याकडे बघत होतीस. आणि गाडी सुटली.

मी फलाटभर ओरडत धावले. गणवेशातल्या एका माणसाने मला थांबवलं, पुढच्या स्टेशनला कळवलं आणि मागून आलेल्या गाडीत बसवून दिलं. ती काही मिनिटं कशी गेली ते लिहिता येणार नाही. पुढच्या स्टेशनवर तू एका बाईच्या मांडीला टेकून बसली होतीस. तिचा स्वतःचा मुलगा शेजारी उभा होता. तुला घेऊन ती उतरली होती आणि फलाटावरच, दारासमोर, फतकल मारून बसली होती. तिने तुला कुठेही नेलं नाही, म्हणूनच तू मला लगेच दिसलीस. मी तिचं नावही विचारलं नाही, एवढी मी हबकले होते. तू मला पाहिल्यावर पहिलं काय विचारलंस ठाऊक आहे? "आई, तू का नाही चढलीस?"

तिकिटासाठी, बाळा. एका तिकिटासाठी.

त्यानंतर मी मुलांना घेऊन निघालेल्या आईबापांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. गाडीत बसलेलं मूल बहुतेक वेळा सुखरूप असतं, भिंतीपाशी हात धरून उभं असलेलंही. घोटाळा होतो तो एका ठिकाणातून दुसऱ्या ठिकाणात जाताना: फलाटावरून डब्यात, जिन्यावरून जमिनीवर, बसमधून रस्त्यावर, बागेतून फाटकाबाहेर. मी मनातल्या मनात या जागांना सांधे म्हणते. आणि नेमक्या सांध्यावरच मोठ्या माणसाचे डोळे दुसरीकडे असतात. कोणी तिकीट शोधतं, कोणी नकाशा बघतं, कोणी फोन उचलतं. म्हणून एवढं कर. सांधा यायच्या दहा पावलं आधी भिंतीच्या कडेला थांब. तिकिटं काढ, फोन पिशवीत टाक, बाबागाडीचा पट्टा तपास. मग पोराचा हात घट्ट धर आणि निघ. सांध्यावर काहीही पडलं तरी पडू दे. रुळांवर पडलं तर मुळीच उतरू नकोस, कितीही मोलाची वस्तू असो. कर्मचाऱ्यांना सांग. काही ठिकाणी रुळांशेजारच्या पट्टीतूनच वीज वाहते आणि ती जीव घेते.

चढताना मूल पुढे आणि आपण मागे असंही नको, आपण पुढे आणि मूल मागे असंही नको. बरोबरीने, हातात हात घालून चढायचं. जावईबापू बरोबर असतील तेव्हा एकाने पुढे, एकाने सगळ्यात शेवटी. दार लागण्याचा इशारा वाजला की धावायचं नाही, पुढची गाडी येतेच. फलाट आणि डबा यांच्यामधली फट मुलाच्या पावलाला मोठी असते. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1968 सालापासून ध्वनिक्षेपकावरून त्या फटीबद्दल बजावत आले आहेत, ते उगाच नाही. थोरल्याला "उडी" असं म्हणू नकोस, "मोठं पाऊल" म्हण. उडी म्हटलं की मुलं हात सोडवून घेतात.

बाबागाडीचं एक फार महत्त्वाचं. फलाट डोळ्यांना सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला बऱ्याचदा बारीक उतार दिलेला असतो, कधीकधी तो रुळांच्याच बाजूला असतो. त्यात वेगाने जाणाऱ्या गाडीचा वारा. हात सोडलेली बाबागाडी आपसूक घरंगळते. तेव्हा थांबलीस की आधी ब्रेक. बाबागाडी रुळांना समांतर उभी कर, तोंड रुळांकडे नको, आणि मनगटाचा पट्टा असेल तर तो अडकवूनच ठेव. डब्यात शिरताना पुढची छोटी चाकं किंचित उचल, तीच फटीत अडकतात.

सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायचीच नाही. लिफ्ट लांब असली तरी लिफ्टच. थोरला पायी असेल तर त्याची पावलं पायरीच्या मधोमध हवीत. पायरी आणि बाजूची भिंत यांच्यात बारीक फट असते, पाऊल कडेला घासत राहिलं की मऊ रबरी बूट तिच्यात ओढला जातो. नाडी सुटलेली नको, बसू द्यायचं नाही, आणि शेवटची पायरी आली की "पाय उचल" असं मोठ्याने सांग. बहुतेक जिन्यांना वर आणि खाली, दोन्हीकडे थांबवायचं लाल बटण असतं. जिन्यावर पाय ठेवण्याआधी ते कुठे आहे हे डोळ्यांनी हेरून ठेव. लागलंच तर शोधायला वेळ नसतो.

बसमधून उतरल्यावर तिच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही. मूल बसच्या नाकासमोर असलं तर चालकाला ते दिसतच नाही, आणि पलीकडून येणाऱ्याला बसआडून काही दिसत नाही. बस जाऊ दे, मग सावकाश ओलांड. थोरला कितीही हुशार असला तरी या वयात त्याला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर जोखता येत नाही. "बघून ये" हे त्याला सांगून उपयोगाचं नाही.

एकदा गर्दीच्या ठिकाणी त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून बघ. त्याच्या उंचीवरून काय दिसतं? गुडघे, पिशव्या, कोटांची टोकं. पाट्या दिसत नाहीत, तुझा चेहरा दिसत नाही. तू दोन पावलं पुढे गेलीस की तो हरवलेला असतो, तुला ते कळलेलंही नसतं. मी हे करून बघितलं आणि त्या दिवसापासून मुलांवर "नीट बघून चाल" म्हणून खेकसणं सोडलं. कंबरेला दोरी असलेला पट्टा बांधून मुलांना नेणारे आईबाप दिसतात, लोक त्यांना नावं ठेवतात. ठेवू देत. पळणारं मूल आणि एकटी आई असेल तर तो पट्टा फार चांगली वस्तू आहे.

आता बागा. तिथे मात्र हात सोडायचा. पोरं दिवसभर हाताला बांधलेली राहिली तर त्यांना शहर दाखवून काय मिळालं? 1943 साली कोपनहेगनमधल्या एम्ड्रुप इथे सोरेन्सन नावाच्या डॅनिश बागरचनाकाराने मोडक्या सामानाचं खेळाचं मैदान उभं केलं. तिथे फळ्या, विटा, हत्यारं मुलांच्या हातात होती आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस होता. मला ही मांडणी मनापासून पटते. मुलांना मोकळं सोडायचं, पण कोणीतरी डोळस माणूस तिथे हवाच.

बागेत पाऊल टाकलंस की आधी सगळ्यांनी मिळून एक फेरी मारा. फाटकं किती, ती लागतात की उघडीच असतात, रस्ता कोणत्या बाजूला, पाणी कुठे. पाणी हे माझ्या मते बागेतलं सगळ्यात मोठं भय. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही, निःशब्द खाली जातं. धाकटीसारख्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तोल जाऊन पालथी पडली तर तिला उठता येत नाही आणि वीतभराहून कमी पाणीही पुरतं. शेवाळाने झाकलेलं तळं तर मुलांना हिरवळच वाटते. तळं किंवा कारंजं जवळ असेल तर धाकटी तुझ्या हाताच्या टप्प्यात हवी, नजरेच्या टप्प्यात असून भागत नाही.

घसरगुंडीवर तिला मांडीवर घेऊन घसरू नकोस. हे वाचून तुला नवल वाटेल, कारण प्रेमळ आईबाप हेच करतात. होतं असं की बाळाचा बूट कडेला किंवा तळाला अडतो, पाय तिथेच राहतो आणि मागून आपलं सगळं वजन पुढे जातं. नडगीचं हाड पिळवटून मोडतं. एकटं घसरलं असतं तर पाय अडून ते नुसतं थांबलं असतं. एकटीने घसरण्याएवढी मोठी झाली की घसरेल. उन्हात घसरगुंडीला आधी हाताची मागची बाजू लावून बघ, पत्राच नव्हे, प्लास्टिकही भाजतं. सायकलचं हेल्मेट, गळ्यातला रुमाल, टोपीची दोरी खेळण्यांवर चढण्याआधी काढायची, कारण ती अडकली की गळफास बसतो. झोक्याच्या मागून कोणी जायचं नाही, पुढूनही नाही. आणि थोरला एखाद्या जागी आपण होऊन चढला तर चढू दे, खाली उभी राहा. तुला उचलून ठेवावं लागत असेल तर ती जागा अजून त्याची नाही. जिथे तो स्वतः चढतो तिथून बहुधा स्वतः उतरतोही.

दिवस मावळतीला लागला की लवकर निघा. दमलेली पोरं, दमलेली आई आणि कचेऱ्या सुटल्याची गर्दी, तिन्ही एकत्र नकोत.

रोज सकाळी निघण्याआधी दोघांचा फोटो काढ, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलं मूल की आईला सदऱ्याचा रंगसुद्धा आठवत नाही, हे मी अनुभवलंय. फोन नंबर थोरल्याच्या हातावर बाहीच्या आत लिही. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नकोस, नावाने हाक मारणाऱ्यावर मूल पटकन भरवसा ठेवतं. तुझं आणि जावईबापूंचं पूर्ण नाव त्याला पाठ हवं, "माझ्या आईचं नाव आई" असं नको. 112 हा तातडीचा क्रमांक अनेक देशांत चालतो. तुम्ही जाल तिथे कोणता चालतो ते निघण्याआधी बघून ठेव. आणि देव न करो, एखादा नजरेआड झालाच तर मनातल्या मनात शोधत बसू नकोस. लाजू नकोस, मोठ्याने ओरड: "लाल सदरा, चार वर्षांचा मुलगा!" सगळी बाग शोधायला लागेल. आधी पाण्याकडे पळ, मग फाटकाकडे, बाकी नंतर.

आता थोरल्याला आजपासून एक खेळ शिकव. स्वयंपाकघराचं दार हे गाडीचं दार. तू बाहेर, तो आत: पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि फलाटावर भिंतीपाशी थांबायचं. तू आत, तो बाहेर: आहे तिथेच थांबायचं, हलायचं नाही. दोन्ही वेळा लहान मुलं बरोबर असलेल्या बाईला किंवा गणवेशातल्या माणसाला सांगायचं, "माझी आई गाडीत चुकली." दार लाव, उघड, परत लाव. हसत-खेळत, भीती न घालता. दहा वेळा झालं की रविवारी फोनवर मला म्हणून दाखवू दे. मी इकडून पुढचं स्टेशन होईन.

धाकटीची पापी घे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. थोरल्याचे ते मऊ रबरी बूट घरीच ठेव.