पुन्हा एकदा आवाहन : आपल्या नगरपरिषद शाळेसाठी

माजी विद्यार्थी, पालक आणि समस्त गावकरी बंधू-भगिनींनो,

स. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. आपल्या शाळेतल्या आठवीच्या मुलांची नावे यंदाही एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची) शिष्यवृत्तीच्या निवड यादीत लागली. त्यात रसवंतीवाल्यांची धाकटी आहे, आणि फरशी बसवणाऱ्या कारागिराची मुलगी आहे, जिच्या घरी भोजपुरी बोलतात. ही पाचवीला आली तेव्हा तिला 'फळा' म्हणता येत नव्हते, 'फला' म्हणायची आणि वर्ग हसायचा. तिने दोन्ही पेपर मराठीतून सोडवले. ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात, राज्य परीक्षा परिषद ते घेते, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतले हवे. म्हणजे विनाअनुदानित इंग्रजी शाळेत भरमसाट फी भरून घातलेल्या मुलाला ही परीक्षा देताच येत नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण 'पालिकेच्या शाळेत ठेवलंय काय' हा प्रश्न पारावर फार वेळा ऐकून झाला आहे.

या यशाचे धनी पुष्कळ आहेत. त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. आपल्या गणिताच्या बाई निवृत्त होऊनही संध्याकाळच्या जादा तासाला येतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा डॉक्टरांनी घरी बसायला सांगितले होते, तर बाई काळा चष्मा लावून आल्या आणि फळ्यावर मुलांकडून लिहून घेतले, स्वतः तोंडी चुका काढत बसल्या. गिरणीवाले आण्णांनी दोन वर्गांना पंखे दिले, ट्यूबा दिल्या, आणि जादा तासाच्या विजेचा भार आजही तेच उचलतात. नाव छापायचे नाही असा त्यांनी मला दम भरला आहे, पण गिरणीवाले आण्णा म्हटल्यावर छापायचे राहिले काय? आपलाच एक माजी विद्यार्थी आज गवंडीकाम करतो. पैसे देणे जमत नाही म्हणाला, आणि मे महिन्यात स्वतः येऊन सहावीच्या वर्गाची उखडलेली फरशी पूर्ण बसवून गेला. सिमेंट आपण दिले, मजुरी त्याने घेतली नाही. बाजारपेठेतल्या भिशीच्या महिलांनी पाण्याचा फिल्टर दिला, आणि तो बंद पडला तेव्हा दुरुस्तीही त्यांनीच करून घेतली. चौकातल्या गणेश मंडळाने एका वर्षी डॉल्बी रद्द करून त्या पैशांत सतरंज्या आणि सराव प्रश्नसंच आणले. (त्यावरून मंडळात वाद झाले तेही आम्हाला माहीत आहे. त्या पोरांचे दुप्पट आभार.) पुण्याला नोकरी करणारा एकजण दर महिन्याला न चुकता रक्कम पाठवतो, त्याला आठवण करावी लागत नाही, फोटो तर नकोच असतो. हा माजी मुख्याध्यापक सरांचा विद्यार्थी. सर आज नाहीत. 'पोराला वाचता आलं की बाकीचं ते बघून घेतं' असे ते म्हणत, आणि शाळा आजही त्याच वाटेने चालली आहे.

आता निकालाविषयी. गावात बोलले जाते की आपल्या शाळेचा दर्जा घसरला, संकलित चाचणीत मुले मागे पडतात. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. सातवीतल्या काही मुलांना भागाकार येत नाही, इंग्रजीचे वाक्य लावून वाचावे लागते. पण वर्गात कोण बसले आहे हे एकदा येऊन बघा. आपण शिकलो तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर होते. आता डॉक्टरांचा, व्यापाऱ्यांचा, नोकरदारांचा आणि निवडून आलेल्यांचाही मुलगा पिवळ्या बसने बाहेर जातो. राहिली ती भाजीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, वडार आणि गोसावी वस्तीवरची, बांधकामावरच्या यूपी-बिहारच्या कुटुंबांची, विजयपूरकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या मजुरांची मुले. एका वर्गात पाच भाषा आणि पुस्तक मराठीचे.

आणि दिवाळी झाली, साखर कारखाना पेटला की बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची मुले शिक्षण हमी पत्रक (गावच्या शाळेने दिलेला, दुसरीकडे बसू देणारा कागद) घेऊन नोव्हेंबरात दाखल होतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परत जातात. गेल्या हंगामात असाच सातवीचा एक मुलगा होता. भागाकाराचे गणित घातले की मान खाली घालायचा. पण त्याच्या दप्तरात एक शंभर पानी वही होती. तीत आई-बापाच्या कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीच्या, रोजच्या खेपा, टन, मुकादमाची उचल आणि फिटलेली रक्कम, सगळे तारीखवार. मुकादमाच्या हिशेबाला हा पोरगा वही घेऊन उभा राहायचा. बाईंनी त्याच वहीवरून त्याला भागाकार शिकवायला घेतला. थोडाफार येऊ लागला आणि टोळी उठली. आता चाचणीत या मुलाला मिळालेले गुण कुणाच्या नावावर टाकायचे?

सगळ्यात मोठी मेख पुढेच आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीने, ठरतात, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कारखान्याची मुले त्या दिवशी त्यांच्या गावच्या हजेरीवर असतात. नोव्हेंबरात आपला वर्ग भरतो, पण शिक्षक वाढत नाही. त्यात ज्या मुलांचे आधार नाही, किंवा आधारवर नाव-जन्मतारीख जुळत नाही, ती वर्गात बसून असली तरी पटात धरली जात नाहीत. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले आहेत, सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असलेल्या शाळांची तर झोपच उडाली आहे. आपण अजून तिथे नाही. पण शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एक-एक शिक्षक सांगितला आहे. आपल्याकडचे एखादे पद काढले गेले तर पहिला घाला गणित-विज्ञानावर पडेल अशी धास्ती आहे. राज्याची दुसरी, नेहमीची शिष्यवृत्ती परीक्षाही २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती, ती आता पुन्हा चौथी-सातवीला आली, म्हणजे सातवीची तयारी नव्याने करायची. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापासाला फेरपरीक्षा, हेही आहेच.

थोडे मनातले बोलतो, राग मानू नये. गेल्या वर्षी हेच आवाहन माजी विद्यार्थ्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकले. अंगठे आले, फुले आली, 'आपली शाळा, आपला अभिमान' असे लिहून आले. पावतीपुस्तकाची मात्र निम्मी पानेही फाटली नाहीत. स्नेहमेळाव्याला फेटे आणि जेवणावळ याला वर्गणी कमी पडत नाही, मग संध्याकाळच्या तासालाच का पडते? एका बॅचने फळ्याशेजारी स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याची अट घातली. आम्ही नको म्हणालो तर त्यांनी फोन घेणेच सोडले. असो.

काय हवे आहे : (१) जादा तास व एनएमएमएस-शिष्यवृत्ती वर्ग, डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत : सराव संच, झेरॉक्स, संध्याकाळचा खाऊ. एका मुलामागे ८०० रु. (२) हंगामात मध्येच येणाऱ्या व मराठी नवी असलेल्या मुलांसाठी एका बाईंचे मानधन, नोव्हेंबर ते मार्च, महिना ६,००० रु. डी.एड. झालेली गावातलीच व्यक्ती हवी, अर्ज द्यावा. (३) पैसे नसतील तर वेळ द्या : आठवड्यातून एक तास एका मुलाला वाचून घ्यायला. (४) आधार दुरुस्तीसाठी पालकांना केंद्रावर नेणारे, फॉर्म भरणारे चार-सहा तरुण, ताबडतोब. जन्मदाखला नसलेल्यांसाठी नगरपरिषदेत खेटे घालावे लागतील. (५) वस्त्यांवर फिरून शाळेबाहेरची मुले दाखल करायला महिला मंडळाने बरोबर यावे. रोख शक्यतो नको. चेक माजी विद्यार्थी मंडळाच्या नावे, खाते क्रमांक व क्यूआर शाळेच्या फलकावर, पावती घेतल्याशिवाय कुणाकडे रक्कम देऊ नये. ८०जी ची (देणगीवर आयकरात मिळणारी) सवलत आपल्याकडे नाही, नंतर विचारू नये. हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागतो. भेटण्याची वेळ शाळा सुटल्यावर, जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत; रविवारी सकाळी. मंडळाची बैठक येत्या शनिवारी चार वाजता, कोरमअभावी तहकूब होऊ देऊ नये ही विनंती.

आपला,
चिटणीस,
माजी विद्यार्थी मंडळ

ता. क. : जुनी पुस्तके व गाईड कृपया आणू नयेत. बालभारतीची पुस्तके आठवीपर्यंत मुलांना मोफत मिळतात. मागच्या वेळी आलेल्या गठ्ठ्यात दहावीच्या जुन्या अभ्यासक्रमाची गाईडे आणि लग्नपत्रिका निघाल्या, ते सगळे रद्दीत घालून आलेल्या पैशांत खडू आणले. दप्तरे आणि कंपासपेट्या चालतील, चेन धड असावी.