झीज वेगळी, दाह वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतले सांधेदुखीवरचे लेख मी नेमाने वाचते. पण झिजून दुखणारा गुडघा असो की दाहाने सुजलेली बोटं, आपण सगळेच दोन्हीला ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. या एका शब्दापायी माझ्या धाकट्या बहिणीचे सात महिने वाया गेले, म्हणून हे पत्र.

ती तेव्हा ३६ वर्षांची होती. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळायची नाही. टूथपेस्टची ट्यूब ती दोन्ही तळव्यांत धरून दाबायची. अकराच्या सुमारास हात सुटायचे आणि मग माझ्यासकट घरच्यांना वाटायचं, एवढं काही नाही. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. रक्तातला ‘आरए फॅक्टर’ तपासला, तो निगेटिव्ह आला तेव्हा तर विषयच मिटला. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या दाहाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, गेलो. त्यांनी तिचा पंजा हातात घेऊन बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं, तशी ती कळवळली. मग त्यांनी विचारलं, “सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि वापराने दुखणं वाढतं. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, तो तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो आणि हालचालीने कमी होतो. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. मनगटं, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, बहुतेकदा दोन्ही बाजूंचे, मऊसर सुजतात; सोबत थकवा असतो. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट अधिक आढळतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो, आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांची मदत होते, पण आधी सांधे हाताने तपासायला हवेत.

कंबरदुखीचंही असंच. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, पहाटे जाग येत असेल आणि आरामाऐवजी चालण्याने बरं वाटत असेल, तर मणक्याच्या दाहाची शंका घ्यायला हवी. सोरायसिस हा त्वचेचा आजार असलेल्याचं एखादं अख्खं बोट सुजलं, तर सांध्यांच्या दाहाची शंका घ्यायला हवी. मुलांनाही सांध्यांचा दाह होतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं.

एका भीतीबद्दलही लिहायलाच हवं. बहिणीला मेथोट्रेक्सेट सुरू झालं तेव्हा ‘ते कॅन्सरचं औषध आहे’ म्हणून नातेवाइकांनी तिला हादरवून सोडलं. सांध्यांच्या आजारात त्याचा डोस फार कमी असतो आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात ते चालत नाही आणि रक्ताची, यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. गुण यायला काही आठवडे जातात. तेवढा धीर धरल्यावर तिची सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली, ती कायमचीच.

पुढच्या वेळी गुडघ्यांवर लेख छापाल तेव्हा त्याच्या शेजारी, चौकटीत, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी विचारलेला तो प्रश्न आवर्जून छापा, एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक