ऑक्टोबरातल्या ४८ तासांसाठी बॅटरी, खांब आणि एक माळ हवा आहे

मंडळी, स.न.वि.वि.

गेल्या वर्षीच्या हॅम रेडिओ (हौशी रेडिओ) स्पर्धेतली रविवारची पहाट क्लबात अजून उगाळली जाते. सासवडच्या पुढे सीताफळाच्या बागेला लागून आमचा तंबू होता. तीन वाजले होते. ४० मीटरच्या बँडवर (म्हणजे तेवढ्या तरंगलांबीच्या पट्ट्यावर) ब्राझीलच्या एका स्टेशनने आम्हाला साद घातली. स्पर्धेसाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना झोन म्हणतात. ब्राझील म्हणजे झोन ११, त्या बँडवर आमचा पहिलाच. माइकवरच्या पोराने उत्तर द्यायला बटण दाबलं, व्होल्टमीटरचा आकडा अकराखाली घसरला आणि रिग, म्हणजे रेडिओ संच, बंद पडला. टॉर्च दातात धरून दुसरी बॅटरी जोडेपर्यंत ब्राझीलवाला निघून गेला होता आणि आमची फ्रिक्वेन्सी भलत्याच कुणीतरी बळकावली होती. पोरगा सकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

त्या दोन्ही लेड-ॲसिड बॅटऱ्या कुणाच्या तरी घरच्या इन्व्हर्टरमधून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यंदा मात्र नीट तयारीने उतरायचं ठरवलंय, आणि ते एकट्या वर्गणीत बसत नाही. म्हणून हे पत्र.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. सीक्यू वर्ल्ड वाइड ही हॅम रेडिओची जगभरातली मोठी स्पर्धा. बोलण्याची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असते, आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. जितक्या देशांशी आणि झोनशी संपर्क होईल तितका एकूण गुणांना गुणायचा आकडा वाढतो. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला तीन गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, भारतातल्या भारतात शून्य. म्हणजे कोल्हापूरशी कितीही गोड गप्पा मारल्या तरी गुण नाहीत. आपला झोन २२. त्यामुळे ४८ तास "फाइव्ह नाईन, टू टू" (तुमचा सिग्नल छान, आमचा झोन २२) एवढंच बडबडायचं असतं. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. वाटू दे.

घरी बसून का खेळत नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. एकदा रात्री पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर रिग लावून बघा. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, लिफ्टची मोटर, सोलरचे इन्व्हर्टर यांची मिळून एवढी खरखर येते की सिग्नल मोजणाऱ्या मीटरची सुई एस-नाईन या जोरदार सिग्नलच्या खुणेवरून हलत नाही. दूरचं कुजबुजणारं स्टेशन त्याखाली गाडलं जातं. माळावर तोच रिग सुरू केला की आधी वाटतं अँटेनाची वायर निघाली. इतकी शांतता असते. (नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, अशाच शांततेसाठी तिथे उभी आहे. तिच्या शेजारी जाऊन आपण आरडाओरडा करणं बरं दिसत नाही, म्हणून नारायणगावकडची जागा कृपया सुचवू नका.)

आता काय हवंय ते.

सगळ्यात आधी बॅटरी. १०० वॉटचा रिग ऐकताना एक-सव्वा अँपिअर घेतो, बोलताना वीसच्या आसपास उडी मारतो. जनरेटर लावला की त्याचा आवाज माइकमध्ये आणि खरखर रिसीव्हरमध्ये, शिवाय शेजारच्या वस्तीची झोप जाते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि दिवसा ती भरायला दोन सोलर पॅनेल, कंट्रोलरसकट, असा हिशोब केलाय. सगळं मिळून ६० हजारांच्या घरात जातं. सभासदांचे २६ हजार जमलेत, ३४ कमी आहेत. बॅटरीवाले कुणी ओळखीचे असतील तर नुसती सवलत मिळवून दिलीत तरी मोठं काम होईल.

दुसरा खांब. ४० मीटरच्या अँटेनाची वायर टोकापासून टोकापर्यंत साधारण २० मीटर लागते. तिचा मध्य दहा-बारा मीटर उंच टांगायचा आणि दोन्ही टोकं उतरती आणून बांधायची. आजवर आम्ही तीन बांबू एकमेकांना बांधून भागवलं. गेल्या वर्षी वारा सुटला तेव्हा चौघं जण तणावे धरून तासभर उभे होते, आणि त्यातल्या दोघांचं त्या वेळी जेवण व्हायचं होतं. फायबरग्लासचा सरकता खांब कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडला असेल तर द्या, तीन दिवसांसाठी दिलात तरी चालेल.

मोबाइल टॉवरचं काम करणाऱ्या मंडळींना खास विनंती. तुमच्याकडे उरलेले फीडर केबलचे तुकडे असतात, ते ५० ओहमचे, आम्हाला सोन्यासारखे. केबल टीव्हीची केबल मात्र आणू नका. ती ७५ ओहमची. गेल्या वर्षी दोन सज्जनांनी प्रेमाने पोतंभर आणून दिली, अजून क्लबाच्या खोलीत पडून आहे.

आणि माळ. पुरंदर, भोर किंवा मुळशीत कुणाची उंचावरची मोकळी जमीन असेल, वायर ताणण्याइतकी, विजेच्या हायटेन्शन लाइनपासून दूर, पिकअप पोचेल अशी, तर तीन दिवस द्या. पोलीस ठाण्याला कळवणं आणि परवान्याचे कागद आम्ही बघतो. जाताना खुंट्यांची भोकं बुजवून आणि कचरा उचलून जातो, बागमालकाला विचारून घ्या.

याला समाजसेवा म्हणून पैसे मागायचे का, यावर आमच्यात वाद झाला. आमचं मत, हा खेळच आहे आणि खेळ म्हणूनच मागावं. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, जगभरच्या हॅमना दुर्मीळ अंदमानचा संपर्क मिळवून द्यायला. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचे फोन गेले, आणि खेळायला नेलेल्या त्याच रिगवरून नातेवाइकांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. किल्लारी, भूज इथेही हॅम गेले होते. अंधारात खांब उभा करणं, बॅटरी पुरवून वापरणं, खरखरीतून नाव-आकडा अचूक टिपणं हे ऐन वेळी शिकता येत नाही.

घाईचं आणखी एक कारण आहे. सूर्यावरच्या डागांचं अकराएक वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं, आता उतरणीला लागलंय. १० मीटरचा बँड दिवसा जसा आज उघडतोय (म्हणजे त्यावर दूरचे संपर्क होतायत) तसा पुढे दरवर्षी उघडणार नाही.

ज्यांना पैसे-वस्तू देणं शक्य नाही त्यांनी माणूस द्यावा. लायसन्स नसलेल्याला माइकवर बोलता येत नाही, पण लॉग भरायला, बॅटरीवर नजर ठेवायला आणि रात्री दोनला चहा करायला लायसन्स लागत नाही. शाळेतली मुलं पालकांसह आली तर आनंदच, बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं.

देणगी खजिनदारांकडे शुक्रवारी संध्याकाळी क्लबाच्या खोलीवर द्यावी, पावती मिळेल. आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वस्तूंवर आपलं नाव चिकटवून द्या म्हणजे परत करताना गोंधळ नको. दसऱ्यापर्यंत कळलं तर खरेदीला वेळ मिळेल. परवानाधारकांनी रविवारच्या सकाळच्या नेटवर (रेडिओवरच्या ठरलेल्या भेटीत) सांगितलं तरी चालेल.

ब्राझीलवाला हुकलेला पोरगा यंदाही पहाटेच्या पाळीला आहे. त्याने स्वतःहून मागून घेतलीय.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
कार्यकारिणी