बालपुरवणीतली तरंगणारी बेटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या बालपुरवणीतलं बेटांवरचं पान पाहिलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. लहान मुलांसाठी पान चालवता याचं कौतुकच आहे. पण त्या चित्रात बेट पाण्यावर चक्क तरंगतंय आणि मासे त्याच्या पोटाखालून आरपार चाललेत! चित्रकाराने काढलं ते काढलं, छापण्याआधी कुणी पाहिलं नाही?

माझ्या नातीने ते पाहून लगेच विचारलं, "आजी, रात्री वाऱ्याने बेट लांब गेलं तर तिथल्या मुलांना शाळा कशी सापडणार?" तिचं काही चुकलं नाही, चित्रात तसंच होतं. शेवटी परातीत ओल्या मातीचे उंचसखल ढीग केले आणि तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. दोन टोकं वर राहिली. तिने मधल्या गढूळ पाण्यात बोटं घालून चाचपलं आणि ओरडली, "हे दोन्ही खाली जोडलेलंच आहे!" मग स्वतःच आणखी पाणी ओतून तिने बुटकं टोक बुडवलं. जमीन तीच, पाणी वाढलं की तिची बेटं होतात, हे सहा वर्षांच्या मुलीला कळलं. ब्रिटन असंच युरोपपासून तुटलं, हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्र चढला तेव्हा, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी. हवाई बेटावरचा मौना केआ पर्वत समुद्रतळापासून मोजला तर १०,००० मीटरहून उंच भरतो, त्यातले ४,२०७ मीटरच पाण्याबाहेर आहेत. हे चित्रात दाखवलं असतं तर मुलं डोळे विस्फारून बघत बसली असती.

बेट जन्मताना माणसांनी पाहिलेलं आहे, तेही पानात नाही. १९६३ च्या नोव्हेंबरात आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून राख आणि वाफ उसळली, आणि ज्वालामुखीने सुर्त्से नावाचं बेट उभं केलं. १९६७ पर्यंत उद्रेक चालू होता. आता तिथे शेवाळ आहे, झाडोरा आहे, पक्षी घरटी करतात, आणि संशोधन सोडून इतर कुणाला तिथे उतरू देत नाहीत. यापेक्षा चांगली गोष्ट मुलांना कुठून आणणार?

त्याऐवजी चौकटीत काय, तर 'सर्वात मोठं बेट : ऑस्ट्रेलिया'. ऑस्ट्रेलिया खंड आहे. सर्वात मोठं बेट ग्रीनलंड, सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा बहुतेक भाग बर्फाखाली. म्हणजे 'बेटावर नारळाची झाडं असतात' हे तुमचं दुसरं वाक्यही गेलं. 'बेटावर फार लोक राहत नाहीत' म्हणे. एकट्या जावा बेटावर १५ कोटींच्या आसपास माणसं राहतात. आणि बेट समुद्रातच हवं असंही नाही. माजुली ब्रह्मपुत्रेत आहे, आणि नदी तिचे काठ खात असल्याने दिवसेंदिवस लहान होते आहे.

तरंगणारी बेटं मुळीच नसतात असं मी म्हणत नाही. मणिपूरच्या लोकटक सरोवरात फुमदी नावाची बेटं तरंगतात, दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरात उरोस लोक लव्हाळ्याचे थर रचून त्यांवर घरं बांधतात. पण ती वनस्पतींची बनलेली असतात, आणि तुमच्या चित्रात डोंगर होता!

शेअरच्या भावात एक आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दिलगिरी छापता. बालपुरवणीतल्या चुकीची दुरुस्ती मात्र मी आजवर पाहिलेली नाही. मागे ग्रहांच्या पानातली चूक कळवली होती, तिचंही पुढे काही झालं नाही. मोठ्या माणसाला शंका आली तर तो चार ठिकाणी पाहतो. मूल जे छापलंय तेच खरं धरतं आणि वर्गात जाऊन ठासून सांगतं.

तेव्हा पुढच्या रविवारी हेच चित्र समुद्राच्या तळापर्यंत पूर्ण काढून पुन्हा छापावं, आणि ऑस्ट्रेलियाची दुरुस्ती बालपुरवणीतच द्यावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. शिवाय निळ्या रंगावर ती बारीक पांढरी अक्षरं कृपा करून बंद करा. वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलांना ती लागत नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक